पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकिली आहे. परंतु पुढच्यास ठेच लागली एवढ्यानेंच मागचा शहाणा होत नाहीं. पुढच्यानें ‘येथें दगड आहे’ असें सांगितलें पाहिजे, मागच्यानें तें ऐकिलें पाहिजे, आणि रस्त्याची व्यवस्था ज्याच्या हातीं आहे त्यानें तो दगड काढिला पाहिजे. यांपैकीं एक गोष्ट जरी उणी पडली, तरी तीच ठेच पुनः लागते. विमानविद्येच्या इतिहासांत हें तत्त्व फार स्पष्टपणें दिसतें. म्हणून त्यांतील कांहीं प्रसंग वाचकांपुढें ठेवून आमचें मत मांडण्याचें योजिलें आहे.

ता. १२ जून १९७२ रोजीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराहून निघालेल्या एका डीसी-१० विमानाचा सामानाचा दरवाजा आकाशांत निखळून पडला. आंतील तळ खचला आणि शेपटीकडील सुकाणूंस जाणारे पुष्कळ दोर निकामी झाले. कप्तान ब्राइस मॅकॉर्मिक यांच्या मनांत, या जातीचें विमान शिकत असतांनाच, सुकाणू निरुपयोगी झालें तर काय करावें, ही शंका आली होती. व केवळ इंजिनांचा जोर कमीअधिक करून विमान ताब्यांत ठेवण्याचा सराव त्यांनीं जमिनीवरील सिम्युलेटरमध्यें केला होता. त्यामुळें विमानांतील सर्व ६७ माणसें वाचलीं.

येथें वैमानिक आधींच शिकून तयार होता. परंतु ज्यांनीं नंतर शिकावयाचें ते शिकले नाहींत. दरवाजाची दुरुस्ती सरकारनें सक्तीची न करितां कारखान्याच्या सूचनांवरच काम भागविलें. ता. ३ मार्च १९७४ रोजीं पॅरिसहून लंडनकडे निघालेल्या तुर्की कंपनीच्या त्याच जातीच्या विमानाचा तसाच दरवाजा निखळला आणि ३४६ माणसें प्राणांस मुकलीं. दगड दिसला होता. तो कोणीं काढिला नाहीं!

याच्या उलट दुसरा प्रसंग पाहा. ता. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं जपानांत एका बोइंग विमानाची मागील भिंत, पूर्वींच्या सदोष दुरुस्तीमुळें, फुटली आणि सुकाणूंस बळ देणारें सर्व तेल वाहून गेलें. वैमानिकांनीं सुमारें अर्धा तास इंजिनांच्याच आधारें झुंज दिली. पण ५२० माणसें दगावलीं, चौघी मात्र वाचल्या. ही हकीकत कळल्यावर अमेरिकेंतील वैमानिकांचे शिक्षक डेनिस फिच यांनीं तोच प्रसंग सिम्युलेटरमध्यें उभा करून अभ्यास केला. ता. १९ जुलै १९८९ रोजीं ते उतारू म्हणून डेन्व्हरहून शिकागोस जात असतां त्यांच्याच विमानाच्या शेपटीतील इंजिनाची चकती फुटली व तिन्ही तेलयंत्रणा नाहींशा झाल्या. फिच यांनीं साह्य देऊं केलें, आणि कप्तान अल हेन्स यांनीं तें तत्काळ स्वीकारिलें. फिच यांच्या हातीं इंजिनांचे दांडे दिले गेले. सू सिटी येथें विमान उतरतांना मोडलें व पेटलें. तरी २९६ पैकीं १८४ जण वाचले.

कप्तानानें उतारूची मदत घेतली, यांतही एका जुन्या ठेचेचा धडा होता. २८ डिसेंबर १९७८ रोजीं पोर्टलंडजवळ त्याच कंपनीचें एक विमान इंधन संपून पडलें होतें व दहा माणसें मेलीं होतीं. चाकांच्या चिंतेंत गढलेल्या कप्तानानें सोबत्यांच्या इशाऱ्यांस पुरेसें महत्त्व दिलें नव्हतें. तेव्हांपासून त्या कंपनीनें वरिष्ठांस ऐकण्याचें व कनिष्ठांस निर्भयपणें बोलण्याचें शिक्षण सुरू केलें होतें.

सू सिटीच्या चौकशीअंतीं, असें विमान उतरविणें केवळ शिक्षणानें साध्य होण्याजोगें नाहीं, असा निष्कर्ष निघाला. म्हणून सगळें ओझें वैमानिकांवर न टाकितां यंत्रांतच सुधारणा केली गेली, कीं सर्व तेल एकदम वाहून जाऊं नये. इंजिनांच्या चकत्यांची तपासणीही अधिक कसोशीची झाली.

आतां आपल्या घरांकडे व वर्गांकडे वळूं. गणितांत चुकलेली पायरी खोडून टाकणारा, प्रयोगशाळेंत फुटलेली नळी लपविणारा, कमी गुणांचें प्रगतिपुस्तक दडविणारा विद्यार्थी आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो खोटा नसतो, भ्यालेला असतो. ‘शिक्षेचा धाक नसेल तर शिस्त कशी राहील?’ असें कोणी विचारील. जाणूनबुजून केलेल्या अपराधास क्षमा नसावी, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु अमेरिकेंत १९७६ पासून वैमानिकांनीं आपल्या चुका कळवाव्या अशी व्यवस्था आहे. तेथें लिहिणाऱ्याचें नांव गुप्त राहतें, आणि न कळत घडलेली चूक दहा दिवसांत कळविल्यास बहुधा दंड माफ होतो. त्यायोगें बेशिस्त माजली नाहीं. उलट धोके वेळींच उजेडांत आले. कबुली देणाऱ्यास क्षमा आहे, असें आपण प्रार्थनामंदिरांत शिकतों. मग तेंच घरीं व वर्गांत आचरण्यास संकोच कां?

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपली चूक निर्भयपणें सांगा, व दुसऱ्याच्या चुकीस न हसतां तिच्यापासून शिका. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मूल आपली चूक सांगावयास येईल तेव्हां प्रथम ऐकून घ्यावें. आणि एकाच ठिकाणीं अनेक मुलें अडखळत असतील, तर आम्हां शिक्षकांस व स्वतःसही विचारावें कीं, दगड कोठें आहे?