भिंतीवाचून तुरुंग

दूरचित्रवाणीवर तुरुंगातील जीवनाची नाट्ये दाखविली जातात. सोनागिरीतील आमच्या घरोघरी ती पाहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांची चर्चाही रंगते. त्यांतील नवा कैदी आरंभी सरळ असतो. पुढे जीव वाचविण्यासाठी तो चहाडी करतो, खोटी साक्ष देतो, दुबळ्यास मार बसत असता मान फिरवितो. "जगावयाचे तर हे करावेच लागते," असे मग पाहणारेही म्हणू लागतात. हे मत आम्हांस अर्धेच खरे वाटते.

गळ्यावर सुरी असता जो वाकतो, त्यास दोष देण्याचा अधिकार सुखात बसलेल्या आम्हां प्रेक्षकांस नाही. परंतु सुरी दूर झाल्यावरही तो वाकलेलाच राहिला, तर त्यास नाइलाज म्हणावे काय?

सुरी दूर करून पाहण्याचा प्रयोग महाराष्ट्रात प्रत्यक्ष झाला आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीनजीक, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून व राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. कैद्यांनी तेथे शेती करावी व भिंतींवाचून राहावे, अशी ती योजना होती. तिच्यावरूनच व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यातील सहा खुनी कैदी पळून जाऊ पाहतात, पण जेलरच्या विश्वासाची आठवण त्यांस परत आणते. बाजारात ते मार खातात, पण दिलेल्या शब्दाखातर हात उगारीत नाहीत. आमच्या मध्यप्रदेशातही शरण आलेल्या चंबळच्या डाकूंसाठी १९७३ साली मुंगावली येथे खुला तुरुंग निघाला.

यावरून आम्हांस असे वाटते की, माणसाच्या तडजोडीचे निम्मे उत्तरदायित्व त्यास कोंडणाऱ्या व्यवस्थेचे असते. उरलेले निम्मे मात्र त्याचे स्वतःचेच. व्यवस्थेने विश्वास टाकावा आणि माणसाने तो सांभाळावा.

आमच्या गळ्यावर तर सुरीही नाही. तरी पर्यवेक्षक क्षणभर वर्गाबाहेर गेले की शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे डोळे वळतात, आणि "सगळेच करतात" हे समर्थन ओठांवर तयार असते. गुन्हेगार म्हणून कोंडलेल्यांस जे साधले, ते आम्हां मोकळ्यांस का साधू नये? पुढच्या परीक्षेस बसताना प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा, इतकेच आमचे मागणे आहे.