दात्याच्या दारीं पत्रांचा ढीग

घरांत माणूस दुखण्यानें अंथरुणास खिळला, पोराची फी थकली, गोठ्यांतला बैल मेला, कीं आमचा शेतकरी काय करतो? ज्याचें तोंडहि कधीं पाहिलें नाहीं अशा कोणा धनवंतास पत्र लिहितो: "आपण मायबाप, गरिबावर कृपा करावी." पूर्वीं तो पोस्टाचें कार्ड लिहीत असे, आतां मोबाइलवरून लिहितो; मजकूर मात्र तोच. तें पाहून पोट भरलेले विद्वान नाक मुरडतात कीं, या लोकांस भिकेची चटक लागली! या विद्वानांस आमचा सवाल आहे: बाबांनो, कोणाचें देणें कोणाकडे निघतें, याचा हिशेब एकदां तरी मांडाल काय?

अमेरिकेंत जॉन रॉकफेलर हा तेलाचा राजा होऊन गेला. त्याच्याकडे मदत मागणाऱ्यांची एवढी रीघ लागे कीं, त्यांची छाननी करण्याकरितां त्यानें १८९१ सालीं फ्रेडरिक गेट्स नांवाच्या गृहस्थास नोकरीस ठेविलें. एकदां मोठ्या देणगीची बातमी फुटली, तेव्हां महिन्याभरांत सुमारें ५०,००० पत्रें येऊन पडलीं. गेट्सनें धोरण बदललें. एकेकट्यास किरकोळ देणें बंद, संस्थांस घाऊक देणें सुरू. त्या दानांतून विद्यापीठें उभीं राहिलीं, रोग हटविण्याचीं कामें झालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पत्रें लिहिणाऱ्या हजारों गरिबांपैकीं बहुतेकांच्या पदरांत काय पडलें असेल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

त्याच घराण्यापुढें दुसऱ्या तऱ्हेची मागणीहि गेली होती, ती ऐका. कोलोरॅडो प्रांतांतील ज्या कोळशाच्या कंपनीवर रॉकफेलर घराण्याचा ताबा होता, तेथील खाणकामगारांनीं १९१३ च्या सप्टेंबरांत संप केला. त्यांनीं भीक मागितली नाहीं. आठ तासांचा दिवस द्या, कंपनीच्याच दुकानांतून माल घेण्याची सक्ती नको, आणि प्रांताचे खाणींविषयीं जे कायदे पुस्तकांत छापलेले आहेत ते पाळा, हें त्यांचें म्हणणें! कंपनीनें घरांतून हुसकून लावल्यावर ते बायकापोरांसह तंबूंत राहिले. २० एप्रिल १९१४ रोजीं लडलो येथील त्या तंबूंवर सरकारी शिपायांनीं व कंपनीच्या पहारेकऱ्यांनीं गोळ्या झाडल्या. तंबू पेटले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यांत लपलेल्या दोन बाया व अकरा मुलें मरण पावलीं. या घराण्याची जगप्रसिद्ध दानसंस्था आदल्याच वर्षीं, म्हणजे १९१३ सालीं, स्थापन झाली होती!

हात जोडणाऱ्याचें पत्र वाचावयास कारकून आणि कायदा दाखविणाऱ्यास बंदूक, हा कोणत्या शास्त्रांतला दानधर्म? कृपा मागितली तर धनिकाचें नांव वाढतें, हक्क मागितला तर त्याचा नफा घटतो. सारें मर्म येथेंच आहे.

जोतीराव फुले यांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं लेखी निवेदन दिलें, त्यांत गयावया नव्हती. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो, मग रयतेचींच पोरें शिक्षणावांचून कां, असा तो हिशेब होता. लेखणी तीच, कागद तोच; पण मान ताठ होती.

हा धडा आज आमच्या घरांतल्या दुखण्यासहि लागू आहे. महाराष्ट्रांतील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांकरितां फुकट व आणखी शेंकडा १० खाटा दुर्बळांकरितां सवलतीनें ठेवाव्या, अशी योजना मुंबई हायकोर्टानें २००६ सालीं लावून दिली. रोग्यांच्या एकूण बिलांतून शेंकडा २ रक्कम या कामाकरितां बाजूस काढावयाची आहे. जीव धोक्यांत असलेल्या निर्धनाकडून अनामत न मागतां त्यास दाखल करून घ्यावयाचें आहे. ही कोणा शेटजीची मेहेरबानी नव्हे. धर्मादाय म्हणून जी सवलत हीं रुग्णालयें घेतात, तिची ही फेड आहे. पण किती घरांस हें ठाऊक आहे? खाट रिकामी असतां "जागा नाहीं" असें कोणी सांगितलें, तर आमचा माणूस मुकाट्यानें परततो आणि दागिना गहाण टाकतो किंवा अनोळखी धनवंतास पत्र लिहितो!

बंधुभगिनींनो, बुडत्यानें काडीचाहि आधार घ्यावा, म्हणून कोणास पत्र लिहूं नका असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पहिला कागद हक्काच्या ठिकाणीं जाऊं द्या. रेशनकार्ड व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दुखणें येण्यापूर्वींच तयार ठेवा. रुग्णालयानें नकार दिला तर तो लेखी मागा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. एकट्याचें पत्र टोपलींत जातें. म्हणून गांवांतल्या दहा-वीस शहाण्यांनीं रोग्याबरोबर उभें राहावें, सह्या कराव्या व उत्तर मिळेपर्यंत हटूं नये. दात्याच्या दारीं ५०,००० माणसें एकेकटीं गेलीं, म्हणूनच तीं भिकारी ठरलीं. तींच एकत्र येऊन हिशेब मागतीं, तर त्यांस भिकारी म्हणण्याची कोणाची छाती झाली असती?