घेऊ की थांबू?

वर्धा-नागपूर अप-डाऊन करणाऱ्या यंग पब्लिकचे गप्पांचे विषय ठरलेले. बॉसची कटकट, इन्क्रिमेंट आणि लग्नासाठी घरच्यांचं प्रेशर. माझ्या एका मित्राने त्यात नवा विषय घुसवलाय, ग्राफिक्स कार्ड! पठ्ठ्या आठवडाभर नागपुरात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी वर्ध्याच्या घरी बसून आर्किटेक्ट मंडळींना बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू बनवून देतो. उरलेल्या वेळात अर्थातच गेमिंग. त्याच्याकडे लाखभर रुपये साठलेत. आई म्हणते, बहिणीच्या लग्नाला कामी येतील. हा म्हणतो, कार्ड आलं की डबल काम करीन. आणि मला रोज एकच मेसेज, 'घेऊन टाकू का थांबू बे?'

थांबला तो जिंकला?

कॉम्प्युटरच्या बाबतीत आपल्या डोक्यात एक फंडा फिट्ट बसलाय. थांबा, स्वस्त होईल. ग्राफिक्स कार्डांनी तो पार मोडीत काढला. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० आलं, भारतातली सुरुवातीची किंमत ७१ हजार. 'उतरेल की दोन महिन्यांत' म्हणत जे थांबले, त्यांना २०२१ मध्ये तेच कार्ड दुप्पट भावात दिसलं. चिपची टंचाई होतीच, वर इथेरियम 'माइन' करणारे कार्डं ढिगाने उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि सेकंडहँड माल बाजारात ओतला गेला. २०२५ संपता संपता पुन्हा तोच सिनेमा. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप खेचून घेतल्या, रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते, हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात, भाव उतरायची वाट बघणं म्हणजे सट्टा. वाट बघायचीच तर नव्या मॉडेलची बघा, कारण त्याला निदान थोडं वेळापत्रक आहे. सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२, जानेवारी २०२५ या एनव्हिडियाच्या गेल्या तीन पिढ्यांच्या तारखा. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचं अंतर. नवी पिढी जाहीर झाली असेल तर जुनं कार्ड फुल किमतीत घेऊ नका. नवं आल्यावरही पहिले काही आठवडे सोडा, तेव्हा माल कमी आणि दुकानदारांचे नखरे जास्त असतात. दोन्ही नसेल तर कॅलेंडर मिटा आणि स्वतःच्या कामाकडे बघा.

२७ हजारांचा फरक

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या भारतातल्या सुरुवातीच्या किमती अशा होत्या. आरटीएक्स ५०९० दोन लाख १४ हजार, ५०८० एक लाख सात हजार आणि ५०७० टीआय ८० हजार. आता गंमत बघा. ५०८० आणि ५०७० टीआय, दोन्हींची मेमरी १६ जीबीच! वरचे २७ हजार देऊन वेग वाढतो, जागा नाही. थ्रीडीवाल्यांना हे महत्त्वाचं, कारण सीन मेमरीत मावला नाही की कार्ड कितीही फास्ट असो, रेंडर रडतखडतच होतो. ३२ जीबी हवी तर थेट ५०९० गाठावं लागतं. आपल्याला किती लागते? आत्ताच्या मशीनवर आपलं सगळ्यात जड काम सुरू करा, टास्क मॅनेजर उघडा आणि कार्डाची मेमरी किती भरतेय ते बघा. फुकटातली टेस्ट आहे.

फक्त गेमिंग करायचं असेल तर मार्च २०२५ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटीसुद्धा १६ जीबीचंच. रेंडरिंगची बरीच सॉफ्टवेअर मात्र एनव्हिडियाशीच नीट जुळवून घेतात. आणि टेबलावर जुना फुल एचडी, ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर आधी मॉनिटर बदला, बॉस!

कार्ड ४५ डिग्रीत

किमतीच्या टॅगवर न दिसणारा खर्चही असतो. ५०७० टीआय ३०० वॉट खातं, ५०८० ३६०, तर ५०९० तब्बल ५७५. ५०८० ला कंपनीच ८५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. घरातला छोटा ६०० व्हीएचा यूपीएस हा लोड ओढणार नाही. त्यात वर्ध्याचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेला की तापलेलं कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. म्हणजे पैसे फुल, स्पीड हाफ! उपाय म्हणून डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका, दमट हवा आणि धूळ दोन्ही आत जातात.

मगनवाडीचा धडा

वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथले चरखे बघताना आठवावी अशी एक गोष्ट. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचा. खर्च १५० रुपयांच्या आत. आठ तासांत १६ हजार फूट सूत. मशीन २० वर्षं चालावं आणि सुट्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. किंमत, काम, आयुष्य, दुरुस्ती. 'लेटेस्ट' हा शब्द कुठेच नाही!

हेच चार प्रश्न मी मित्राला विचारले. ८० हजारांचं कार्ड, वर पॉवर सप्लाय आणि यूपीएस, म्हणजे लाख संपला. वॉरंटी किती वर्षांची आणि कार्ड बिघडलं तर पाठवायचं कुठे, हे त्याने विचारलंच नव्हतं. मग कळीचा प्रश्न, मशीन स्लो म्हणून सहा महिन्यांत किती कामं सोडलीस? उत्तर आलं, दोन.

दोन कामांसाठी लाख? मी त्याला 'थांब' म्हटलंय, आणि ते कार्ड महाग आहे म्हणून नव्हे. त्याचं काम अजून अडलेलंच नाही. मोठं काम आलंच तर ऑनलाइन रेंडर फार्म भाड्याने मिळतं, आणि ते बिल क्लायंटला लावता येतं. महिन्याला दोन कामं सुटायला लागली, की तारीख, सेल, दिवाळी काही न बघता घ्यायचं. तोवर पैसे बहिणीच्या लग्नाच्या खात्यात.

त्यावर त्याचा रिप्लाय आलाय, 'आणि गेमिंगचं काय बे?' त्याचं उत्तर त्याने त्याच्या आईला विचारावं.