डीएनए तपासणी : ‘तुमचे नाव काढून टाकले आहे’ या वाक्यावर विसंबू नका

डीएनए तपासणीसाठी रक्त देताना जे संमतीपत्र सहीसाठी पुढे येते, त्यात बहुधा या अर्थाचे एक वाक्य असते : ‘संशोधनासाठी माहिती वापरताना आपली ओळख काढून टाकली जाईल.’ बहुतेक रुग्ण ते वाचत नाहीत. जे वाचतात ते निर्धास्त होतात आणि सही करतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की एवढेच लिहून सोडलेले हे वाक्य दोन्हीकडून फसवे आहे. नाव काढल्याने तुमची ओळख पुरती लपत नाही. आणि नाव व डीएनए यांच्यातला दुवा विचार न करता कायमचा तोडला, तर पुढे तुम्हाला होऊ शकणारा फायदा मात्र नक्की बुडतो. म्हणून हा दुवा ठेवायचा की तोडायचा, हे ठरवण्याचा अधिकार लॅबच्या कॉम्प्युटर विभागाचा नाही, तुमचा आहे. हे का म्हणतो ते सांगतो.

तुमचे नाव आणि तुमचा डीएनए कसे जोडलेले असतात?

तुमच्या रक्ताच्या नळीवर बारकोड लावतात. नळीतून डीएनए वेगळा काढला की तो दुसऱ्या छोट्या नळीत जातो आणि तिला नवा क्रमांक मिळतो. मग डीएनएचे बारीक तुकडे करतात आणि त्या तुकड्यांना ठरावीक अक्षरांचा एक छोटा तुकडा चिकटवतात. त्याला इंडेक्स म्हणतात. हे करावे लागते, कारण डीएनए वाचणारे यंत्र महाग असते. एकेका रुग्णासाठी ते वेगळे चालवणे परवडत नाही, म्हणून अनेक रुग्णांचे नमुने एकत्र मिसळून एकाच फेरीत वाचतात.

पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायचा, तसेच हे आहे. सगळ्या घरांचे कपडे एकत्र धुतले जातात आणि खुणेवरून ज्याचे त्याच्या घरी परत येतात. इथे इंडेक्स ही धोब्याची खूण. यंत्राने वाचलेली अक्षरे त्या खुणेवरून सॉफ्टवेअर वेगवेगळी करते आणि प्रत्येक रुग्णाची फाइल तयार होते.

म्हणजे नावावरून बारकोड, बारकोडवरून डीएनएचा क्रमांक, त्यावरून इंडेक्स, त्यावरून फाइल आणि फाइलवरून रिपोर्ट. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोन नोंदींना जोडणारा दुवा, ज्याला आपण लिंक म्हणतो. एक कडी चुकीची जोडली गेली, तर तुमचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याचा तुमच्या हातात.

एका ओळीत तुटणारा दुवा

कधी कधी दुवा तोडणे आवश्यकच असते. बारकोड चुकीच्या रुग्णाला लागला, एकाच माणसाची दोनदा नोंद झाली, किंवा रुग्णाने संमती मागे घेतली. अशी कामे नेहमीच्या पडद्यावरच्या बटणांनी करता आली नाहीत, तर कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस कमांड लाइन उघडतो. काळा पडदा, त्यावर एका ओळीत टाइप केलेला आदेश, आणि काम झाले.

या आदेशाची ताकद समजून घ्या. तीच ओळ एका नोंदीवर चालते आणि थोडी बदलली तर हजार नोंदींवर. तुमच्या मोबाइलवर फोटो काढून टाकताना ‘नक्की ना?’ असा प्रश्न येतो. कमांड लाइनवर बरेचदा तो येत नाही. कोणी, कधी, का आणि कोणाच्या परवानगीने दुवा तोडला याची नोंद मुद्दाम ठेवण्याची व्यवस्था केली नसेल, तर ती राहीलच असे नाही.

आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला कोणी सांगत नाही. दुवा काढणे म्हणजे माहिती पुसणे नव्हे. अनेक सर्व्हर ज्या युनिक्स कुळातल्या प्रणालीवर चालतात, तिच्यात ‘अनलिंक’ नावाचाच आदेश आहे. तो फाइलचे एक नाव काढून टाकतो. त्याच फाइलला दुसरे नाव दिलेले असेल, तर आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. बॅकअपमधल्या प्रती वेगळ्याच. दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामे होत नाही.

पाटी काढली तरी घर सापडते

१९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती, नावे काढून, संशोधनासाठी खुली केली होती. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्यावरून दोन याद्या जुळवल्या. सापडले कोण, तर राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचेच आजारपण. त्यात तर डीएनएचा संबंधही नव्हता.

डीएनएचे प्रकरण याहून पुढचे आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधनासाठी नाव न देता उपलब्ध असलेल्या डीएनएमधले वाय गुणसूत्र घेऊन संशोधकांनी ते हौशी लोकांच्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर शोधले. तिथे आडनाव मिळाले. वय आणि राज्य जोडल्यावर माणसे मिळाली. अशा रीतीने जवळपास ५० जणांची ओळख पटली.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला ‘गोल्डन स्टेट किलर’ पकडला गेला. त्याने स्वतः कुठेही डीएनए दिलेला नव्हता. दूरच्या नातेवाइकांनी हौसेने वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. गुन्हेगार सापडला याचा आनंदच आहे. पण जे तंत्र गुन्हेगाराला शोधते, ते निरपराध माणसालाही शोधू शकते.

आपल्याकडे तर इतक्या लांब जायची गरज नाही. ‘स्त्री, वय ३४, अमुक तालुका, अमुक दुर्मिळ आजार, आईवडील मामे-आतेभावंडे’ एवढे लिहिले तर नाव कशाला हवे? त्या तालुक्यातला कोणीही केमिस्ट ते सांगेल.

आणि डीएनएचा दुवा फक्त तुमच्यापुरता नसतो. तुमच्या डीएनएचा साधारण निम्मा भाग तुमच्या सख्ख्या भावंडांशी जुळतो. तुम्ही सही करता तेव्हा न विचारता त्यांचीही थोडी सही होते. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीतून माहिती चोरीला गेली. चोरांनी सुमारे १४,००० खाती थेट फोडली. पण नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे खाती एकमेकांशी जोडलेली होती, म्हणून फटका सुमारे ६९ लाख लोकांना बसला. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लोकांना प्रश्न पडला, आता आमचा डीएनए कोणाच्या मालकीचा?

मग तोडूनच टाका सगळे? नाही!

हे वाचून तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग दुवा कायमचा तोडलेलाच बरा. थांबा.

समजा, तुमच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला म्हणून बीआरसीए जनुकांची तपासणी केली. रिपोर्टमध्ये लिहून आले : ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित.’ असा रिपोर्ट येणे अजिबात दुर्मिळ नाही. याचा अर्थ, हा बदल घातक आहे की निरुपद्रवी हे सांगण्याइतकी माहिती आज विज्ञानाकडे नाही. काही वर्षांनी ती माहिती येते आणि बदलाचे वर्गीकरण नव्याने होते. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी ठरतो आणि डोक्यावरची टांगती तलवार जाते. काही वेळा घातक ठरतो. तेव्हा तुमच्या बहिणीला, तुम्हाला आणि तुमच्या मुलींना वेळेवर कळणे हा जिवाचा प्रश्न असतो.

हे कळवणार कसे? दुवा असेल तरच. लॅबने तो तोडलेला असेल, तर फाइलमध्ये घातक बदल दिसतो आहे, पण तो कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. उत्तर आहे, पत्ता नाही.

‘आम्हाला काय लपवायचे आहे?’

हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. लपवण्यासारखे काही नसेलही, पण गमावण्यासारखे आहे. हृदयाच्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात एका रुग्णाचा विम्याचा दावा ‘आजार जनुकीय आहे’ म्हणून नाकारला गेला होता. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने असा भेदभाव चुकीचा ठरवला. प्रत्येकाला कोर्टात जाणे परवडत नाही. आणि लग्नाच्या बोलणीत काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप लॅबवाल्यांचा : असे प्रश्न विचारत बसलात तर संशोधन थांबेल. मी संशोधनाच्या विरोधात नाही. आपल्या लोकांचा डीएनए अभ्यासला गेला नाही, तर वरचे ‘अर्थ अनिश्चित’ रिपोर्ट आपल्यालाच जास्त मिळत राहतील. पण लोकांनी विश्वासाने डीएनए द्यावा असे वाटत असेल, तर अर्धे सत्य सांगून सही घेऊ नका.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले आहेत. एकात नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो आणि गरज पडल्यास ओळख परत जोडता येते. दुसऱ्यात ओळख कायमची तोडली जाते. हा फरक संमतीपत्रात सोप्या मराठीत लिहायला काय हरकत आहे? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदासुद्धा ‘नाव लिहिले आहे का’ असे विचारत नाही. ‘या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते का’ असे विचारतो. मात्र त्याच कायद्यात संशोधनासाठी सूट आहे, आणि जनुकीय माहितीला त्यात वेगळा, अधिक कडक दर्जा नाही. म्हणून नुसत्या कायद्यावर भिस्त ठेवून चालणार नाही.

सही करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

१. माझे नाव सांकेतिक क्रमांकाने बदलणार, की दुवा कायमचा तोडणार?

२. सांकेतिक क्रमांक आणि नाव यांची जोडयादी कोणाकडे असते? डीएनएच्या फाइलपासून ती वेगळी आणि कुलपात असते का?

३. दुवा तोडताना किंवा बदलताना दुसरा माणूस तपासतो का? त्याची लेखी नोंद राहते का?

४. रिपोर्टचा अर्थ पुढे बदलला तर मला कळवाल का? किती वर्षे?

५. मी संमती मागे घेतली तर फक्त दुवा तुटेल, की फाइल आणि बॅकअपही पुसले जातील? उरलेल्या रक्ताचे आणि डीएनएचे काय कराल?

उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. ‘ते कॉम्प्युटरवाले बघतात’ असे उत्तर आले, तर तपासणी तातडीची नसल्यास दुसरी लॅब शोधा. तातडीची असेल तर तपासणी अजिबात टाळू नका. उपचारासाठी संमती द्या आणि संशोधनाचा रकाना रिकामा ठेवा. उपचार आणि संशोधन या दोन वेगळ्या संमती आहेत. एक नाकारली म्हणून दुसरी अडवण्याचा अधिकार कोणाला नाही.

रिपोर्टची प्रत मात्र स्वतःजवळ जपून ठेवा, नमुना क्रमांकासकट. मोबाइल नंबर बदलला तर लॅबला कळवा. दर दोन-तीन वर्षांनी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ‘या बदलाचा अर्थ आता काही वेगळा लागतो का?’ लॅबकडचा दुवा कधी तुटलाच, तर तो परत जोडणारा कागद तुमच्याच कपाटात असेल.