त्याला रकाना नाही!

गेल्या महिन्यात आमच्या नारायण पेठेतल्या घरी कॉलेजच्या दोन मुली फॉर्म घेऊन आल्या. विषय होता १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या, माहेरही याच पेठेतलं. ‘नुकसान किती रुपयांचं?’ या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, भांडीकुंडी गेली ती गेलीच. पण पुढे शाळेत राहायला लागलं, तिथे आई रोज लुगड्याचा आडोसा धरून कपडे बदलायची. ते कुठे लिहितेस?’’

‘‘आजी, त्याला रकाना नाही.’’

मुलींचा काय दोष? फॉर्म करणाऱ्यांनी कुठल्या बाईला विचारलंच नसेल.

माझं माहेर कोल्हापूरचं. तिथून जवळच, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेली, तिथून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं. त्यात बायका-मुलंच जास्त. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं. तिथे वाढलेल्या मुलांनी मोठेपणी संघटना केली, कागदपत्रं शोधली, एकमेकांच्या आठवणी जमवल्या आणि २००० साली पोलिश भाषेत जाडजूड ग्रंथ काढला. २००९ मध्ये तो इंग्रजीतही आला. आपल्यावर काय गुदरलं, ते त्यांनी स्वतःच लिहिलं!

अर्थात त्यासाठी पन्नास वर्षं लागली. आज जीव मुठीत धरून पळालेल्या बाईला तेवढी सवड कुठली? तिच्याबरोबर अभ्यासकांनी, संस्थांनी बसायला हवं. पण बरोबर म्हणजे बरोबर. प्रश्न काय विचारायचे ते तिनंही ठरवावं, लिहिलेलं तिच्या भाषेत तिला वाचून दाखवावं. आणि नाव छापायचं की नाही, हे तिच्याच हातात हवं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. अशा वेळी छापून आलेलं नाव-गाव एखादीच्या जिवावरही बेतू शकतं. अहवाल छापणाऱ्याला त्याची झळ थोडीच बसते!

त्यातली एक मुलगी परवा पुन्हा आली. फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर तिनं सगळं लिहून घेतलं. सासूबाईंनी ते तिच्याकडून वाचून घेतलं आणि दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या.