केस उजळावेत, पण कुठवर?

काळे केस घरच्या घरी ब्लीच करायचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, केसांना हात लावू नका, चांगल्या केसांचं वाटोळं होईल. दुसरे म्हणतात, पाकीट आणा, कालवा, लावा, तासाभरात केस सोनेरी आणि त्यांना काही होतही नाही. पहिल्यांना काळजी असते, दुसऱ्यांना माल खपवायचा असतो, आणि दोघांचंही म्हणणं मला मान्य नाही. काळे केस घरी उजळता येतात आणि धडही ठेवता येतात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी आपले केस किती उजळणं सोसतील हे आधी ठरवावं लागतं आणि तिथे थांबावं लागतं. केस बिघडतात ते हावेनं आणि घाईनं.

आधी पाकिटवाल्यांचा दावा तपासू, कारण खरं नुकसान त्यानंच होतं. ‘इजा नाही’, ‘अमोनिया नाही’ अशी अक्षरं मोठ्या टायपात छापलेली असतात. केसाचा काळा रंग मेलॅनिनचा. केसाच्या वजनात ते तीन टक्क्यांहूनही कमी भरतं, पण बसलेलं असतं केसाच्या गाभ्यात, केराटिनच्या धाग्यांमध्ये. वरून खवल्यांचं कवच. गाभ्यापर्यंत पोचायचं तर ते कवच फुगवून सैल करावं लागतं. हे काम अल्कली करते. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पावडरीतली परसल्फेटं मिळून मेलॅनिन फोडतात. पण मेलॅनिन कुठलं आणि केराटिन कुठलं हे त्यांना कळत नाही. केराटिनला ताकद देणारे गंधकाचे बंध त्याच धडाक्यात तुटतात. क्लॅरेन्स रॉबिन्स यांच्या केसांच्या रसायनशास्त्रावरच्या ग्रंथात याचे आकडे आहेत. नेहमीच्या ब्लीचिंगमध्ये यातले १५ ते २५ टक्के बंध जातात, कडक ब्लीचिंगमध्ये ४५ टक्क्यांपर्यंत. अमोनिया काढून तिच्या जागी दुसरी अल्कली घातली तर नाकाला बरं वाटतं. कवच मात्र तिनंही फुगवावंच लागतं, नाहीतर रंग उतरणारच नाही. तेव्हा ‘इजा नाही’ हे वाक्य खोटं आहे.

आणखी एक गोष्ट पाकिटावर कधी लिहिलेली नसते. केसाच्या पृष्ठभागाला एक पातळ स्निग्ध थर घट्ट चिकटलेला असतो. त्याच्यामुळे पाणी केसावर न मुरता ओघळतं आणि केसावरून केस घसरतो. ब्लीचमध्ये हा थर निघून जातो आणि त्या केसावर पुन्हा तयार होत नाही. ब्लीच केलेले केस धुतल्यावर लवकर वाळत नाहीत, गुंता सुटता सुटत नाही, कंगवा मध्येच अडतो, याचं कारण हे आहे. कंडिशनर त्या थराची जागा पुढच्या धुण्यापर्यंत भरून काढतो. म्हणून ब्लीचनंतर कंडिशनर दर वेळी लागतो, त्याला चैन समजू नये.

बंध जोडणाऱ्या औषधांचं काय, असं लगेच विचारलं जातं. २०१४ साली ओलाप्लेक्स बाजारात आलं. क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली या दोन रसायनतज्ज्ञांचं ते काम. तेव्हापासून अशा उत्पादनांची रांग लागली आहे. त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण ‘आता हे आहे, मग कितीही उजळा’ असा जो अर्थ काढला जातो तो घातक आहे. केसाचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. हाताला कापलं तर कातडी भरून येते, केसात भरून येणारं काही नसतं. जे वाचवायचं ते आधीच वाचवावं लागतं.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. ‘वाटोळं होतंच’ म्हणणाऱ्यांनी वरचे आकडे पुन्हा पाहावेत. १५ टक्के आणि ४५ टक्के यांत मोठं अंतर आहे, आणि ते बरंचसं आपल्या हातात आहे. पेरॉक्साइड किती तीव्र, केसावर किती वेळ, उष्णता दिली का, एकाच जागी कितीदा लावलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती उजळेपर्यंत ताणलं, यावर ते ठरतं. डेव्हलपरच्या, म्हणजे पावडरीत कालवायच्या पेरॉक्साइडच्या, बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असे आकडे असतात. एक लिटर द्रावणातून तितके लिटर ऑक्सिजन सुटतो, असा त्याचा अर्थ. टक्केवारीत पेरॉक्साइड अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२. घरी २० व्हॉल्यूमच्या पुढे जायचं कारण नाही. ४० व्हॉल्यूमनं काम लवकर होतं हे खरं, पण लवकर होतं म्हणजेच थांबायला वेळ मिळत नाही. घरी शिकणाऱ्या हाताला तो वेळ हवाच.

काळा केस उजळताना पायऱ्यापायऱ्यांनी रंग बदलतो. आधी गडद तांबडा, मग तांबूस नारिंगी, मग नारिंगी, मग सोनेरी पिवळा आणि अगदी शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका. राख-रुपेरी, गुलाबी, निळसर असे फॅशनचे फिके रंग नीट चढायला ही शेवटची पायरी लागते, आणि केस तुटतात तेही बहुतेक तिथेच, कारण तोवर बंध बरेच गेलेले असतात. माझं मंडन इथे येतं. घरी करणाऱ्यांनी नारिंगीच्या आसपास, फार तर सोनेरीच्या उंबरठ्यावर थांबावं. कॅरॅमल, तांबूस, मधाळ तपकिरी हे सगळे रंग याच टप्प्यावर मिळतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाला ते खुलून दिसतात, हे मी मनापासून सांगते. उरलेली पितळी छटा घालवायला पुन्हा ब्लीच लावणं ही सर्रास होणारी चूक. नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा. त्या छटेचा टोनर किंवा शॅम्पू ते काम केस न फोडता करतो.

लिंबू-मधाच्या पक्षाला फार जागा द्यायची गरज नाही. लिंबाचा रस लावून उन्हात बसल्यानं काळे केस सोनेरी होत नाहीत, राठ होतात. चेहऱ्याच्या ब्लीचची डबी डोक्याला लावणं हा दुसरा प्रकार. ते क्रीम बारीक लव झाकण्यासाठी बनवलेलं असतं. डोक्याच्या जाड केसांवर त्यानं ठिगळं पडतात.

खरा प्रश्न मेंदीचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. आपल्या घरांतल्या कित्येक डोक्यांना कधी ना कधी मेंदी लागलेली असते. मेंदीतलं लॉसोन केराटिनला धरून बसतं आणि धुऊन जात नाही. दोन वर्षांपूर्वीची मेंदी दिसत नसली तरी टोकांत असते. अशा केसांना ब्लीच लावलं की नारिंगी रंग हट्टानं अडून बसतो. मेंदीवर नीळ दिलेली असेल तर हिरवट झाक येते. हे फक्त दिसायला वाईट. धोका त्या पुड्यांचा, ज्यांवर नाव मेंदीचं असतं आणि आत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड त्यांना भेटलं की झपाट्यानं प्रक्रिया होते, मिश्रण तापतं, आणि केस हातात येतो. पुडीवर घटकांची यादी नसेल तर त्या केसांवर विश्वास ठेवू नये.

यावर उपाय सोपा आहे, पण घाईत तोच वगळला जातो. कानामागची, सहज झाकली जाणारी, पेन्सिलीहून बारीक बट मुळाशी दोऱ्यानं बांधून कापून घ्यावी. स्टीलच्या नव्हे, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत थोडं मिश्रण कालवून ती त्यात बुडवावी. पहिल्या काही मिनिटांत वाटी बाहेरून गरम लागली किंवा मिश्रण फसफसलं, तर सामान आवरून ठेवावं. त्या डोक्याला ब्लीच नाही. तसं झालं नाही तर दर पाच मिनिटांनी एक-दोन केस पुसून पाहावेत आणि हवा तो रंग किती वेळात आला ते लिहून ठेवावं. मग बट धुऊन ओलीच दोन बोटांत धरून हलकेच ओढावी. धड केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर मागे येतो. तो रबरासारखा ताणला जाऊन तसाच लोंबत राहिला, बोटाला लिबलिबीत लागला किंवा पटकन तुटला, तर तेवढं उजळणं या केसांना सोसत नाही. वेळ कमी करून दुसरी बट घ्यावी. वर्षभरात स्मूदनिंग किंवा स्ट्रेटनिंग केलं असेल तर ब्लीच नकोच, बट पाहायचीही गरज नाही. केस सरळ करणाऱ्या अनेक रसायनांनी त्याच बंधांवर आधीच घाव घातलेला असतो.

आता शेवटचा आणि सगळ्यात वजनदार पूर्वपक्ष: हे पार्लरमध्येच करावं, घरी नाही. यातलं अर्धं मी मान्य करते. मुळापासून पूर्ण डोकं ब्लीच करायचं असेल तर सराईत हातच हवा. डोक्यामागचं आपल्याला दिसत नाही. टाळूच्या उबेनं मुळाशी ब्लीच लवकर चढतं, तिथला रंग वेगळा येतो आणि टाळू भाजण्याची भीती असते. पण म्हणून घरी काहीच करू नये हे पटत नाही. केसांची कुंडली पार्लरवालीला ठाऊक नसते, आपल्याला असते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक त्या हिशेबानं पाच-सहा वर्षांचं असतं. त्या टोकानं कोणती मेंदी, कोणतं रंगाचं पाकीट, कोणत्या गावचं क्षाराचं पाणी पाहिलं, हे ते डोकं वागवणारीच सांगू शकते. ही माहिती आणि सवड घरी असते. टाळूपासून तीन-चार बोटं सोडून काढलेल्या बारीक बटा, चेहऱ्याशेजारच्या दोन पट्ट्या किंवा फक्त टोकं, एवढं काम घरी उत्तम होतं. मागे बघायला बहीण किंवा मैत्रीण असली म्हणजे झालं.

करताना काही गोष्टींत सूट नाही. अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे किंवा कोपराच्या खोबणीत चाचणी घ्यावी, कारण परसल्फेटची अॅलर्जी काहींना जोराची येते. दमा असेल तर हा खटाटोप करूच नये. पावडर उडते, ती छातीत जाते. खिडकी उघडी ठेवून कालवावी. टाळूला खरचटलं असेल तर थांबावं. आदल्या दिवशी केस धुऊ नयेत, टाळूचं स्वतःचं तेल तिथे राहू द्यावं. वर हेअर ड्रायर फिरवू नये. पाकिटावरच्या वेळेपुढे एक मिनिटही नाही, रंग आला नसला तरी. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, आत वायू साठून बाटली फुटते.

आणि तेल. ‘ब्लीचनंतर खोबरेल चोपडा, केस भरून येतील’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो जसा सांगितला जातो तसा चुकीचा आहे, तेल तुटलेले बंध जोडत नाही. पण खोबरेलाला निरुपयोगी म्हणणारेही चुकतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. २००३ साली ती ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आली. धुताना केसातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालं, धड केसांतही आणि इजा झालेल्या केसांतही. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवावं, पण कारणही नीट लागतं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल सरळ, लहान साखळीचं असल्यानं केसाच्या आत शिरतं आणि पाण्यानं केस फुगणं रोखतं. म्हणजे तेल लावायची वेळ न्हाण्याआधीची, आदल्या रात्रीची. आपल्या आज्यांची ती रीत ब्लीच केलेल्या केसांना न केलेल्यांहून जास्त लागू पडते. अंडं-दह्याच्या लेपानं केस मऊ वाटतात, पण अंड्यातल्या प्रथिनाचे कण एवढे मोठे की ते आत जात नाहीत.

दुसरी बैठक घ्यायची तर मध्ये निदान दीड-दोन महिने जाऊ द्यावेत, आणि आधी उजळलेल्या भागाला पुन्हा ब्लीच लावू नये. बहुतेकींचे केस पहिल्या वेळी धड राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी जुन्यावर नवं चढवल्यानं तुटतात. बटा मुळापासून न काढता खाली काढाव्यात हे मी म्हणते त्याचं दुसरं कारण हेच. मुळाशी काळी रेघ उमटत नाही, म्हणून महिन्या-दीड महिन्याला पुन्हा डबा उघडायची वेळ येत नाही. काळा केस वरून वाढत राहतो, उजळलेला खाली सरकतो. दर तीन महिन्यांनी बोटभर टोकं कापली तरी लांबी फारशी घटत नाही आणि फाटे वर चढत नाहीत. खांद्यापर्यंतचे केस असतील तर दोन-अडीच वर्षांत आजचं सगळं ब्लीच कात्रीखालून निघून गेलेलं असतं, आणि पुन्हा करायचं की नाही हे तेव्हा नव्या, धड केसांवर ठरवता येतं.