निकालाचा ताळेबंद

मकरपुऱ्यात राहायला येऊन चाळीस वर्षं झाली. निवृत्तीनंतर इथल्याच एका शाळेच्या समितीवर होतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या सात कच्च्या मुलांच्या हातात दाखले दिले. ठरावावर माझीही सही आहे. बँकेत मार्चअखेरीला ताळेबंद सजवणाऱ्यांना मी झापायचो. इथे तेच केलं!

सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड. आम्ही आलेल्यांनाच बाहेर काढलं.

माझं मत स्पष्ट आहे. दहावीचा निकाल आठवीच्या पटावर मोजा: किती आले, किती टिकले, किती पास झाले.

त्या सातांतला एक जण जीआयडीसीत चहा पोचवतो. मला अजून ‘साहेब’ म्हणतो.